लाल दिवा

"साहेब, मला विजयी धरू नका." हेल्मेट काढता काढता नलावडेनं वेळेची चिठ्ठी माझ्यासमोर आपटली.

पंच म्हणून मला रागच आला. कमीजास्त ताकदीच्या बाइकच्या ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या दोघांच्या शर्यतीत, हळू गाडीला हिरवा दिवा आधी मिळतो, वेगवान गाडीला नंतर. शलाकाची जुनी बाइक हिरव्याआधीच हलली, तिचा लाल दिवा लागला, ती बाद. अंतिम फेरीचा निकाल स्वच्छ होता.

"मीपण माझ्या हिरव्याआधीच सुटलो. ती चार मिलिसेकंद, मी चाळीस."

"ज्याचा लाल आधी, तो बाद. दुसऱ्याचा फाऊल आपण बघतच नाही."

"पण तिला आधी सोडता तुम्हीच. मग लालही तिचाच आधी लागणार ना?"

वीस वर्षं हे दिवे मी सांभाळतोय. एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नियम होता, म्हणून करंडक त्यालाच दिला. तो टेबलावर तसाच ठेवून नलावडे निघून गेला.

आम्ही नियम बदलला. आता दोघांचेही फाऊल मोजतो. ज्याचा मोठा, तो बाद.

यंदा अंतिम फेरीत पुन्हा हीच जोडी. आधी शलाकाचा फाऊल, पाठोपाठ नलावडेचा. चिठ्ठ्या बघितल्या, तर त्याचाच मोठा. नव्या नियमानं बाद होणारा पहिला माणूस तोच.

चिठ्ठी वाचून तो खळखळून हसला. मी कपाटात जपून ठेवलेला तो जुना करंडक मागून घेतला आणि शलाकाच्या हातात दिला.

"हा मागच्या वर्षीचा. तुला द्यायचा राहिला होता."