गिलरेनांचं मागचं दार

गिलरेनांच्या पबमध्ये पुढच्या खोलीत बिअर मिळायची आणि मागच्या खोलीत शवपेट्या. आयर्लंडच्या खेड्यांतली ही जुनीच रीत. डेलियाच्या आजोबांनी, मग वडिलांनी आणि गेली तीस वर्षं एकट्या डेलियाने, गावातल्या ज्यांना पाजलं त्यांनाच शेवटी पोचवलंही. तरुण पोरं परदेशी निघून गेली. आता गिऱ्हाईक उरलं होतं एकच, ब्याऐंशी वर्षांचा पॅकी.

त्या दुपारी तो ठेवणीतला कोट घालून आला.

"उद्या मुलगी न्यायला येतेय. बोस्टनला. आता कायमचाच."

डेलियाने नेहमीसारखा ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला.

"पळपुटा कुठला! तुझ्यासाठी ओकच्या चांगल्या फळ्या राखून ठेवल्यात मी. त्यांचं काय करू?"

"तुला होतील की!" पॅकी खो खो हसला.

डेलियाला हसू आलं नाही. "फळ्या होतील रे. पण मला पोचवणार कोण?"

पॅकीने घाईघाईने ग्लास तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला, तरी त्याने खाली ठेवला नाही.