सात टाके

दुष्काळातल्या टँकरची यादी फ्लॉपीत होती आणि फ्लॉपी ड्राइव्ह सकाळपासून ढिम्म हलत नव्हता. बारापर्यंत छापली नाही तर करमाडचं पाणी उद्यावर. वैतागून मीनाक्षीनं घरातला कॉम्प्युटर चौथ्यांदा उघडला आणि कपाळावर हात मारला. ड्राइव्हच्या वायरीतला कंपनीनं दिलेला पीळच गायब; तिथं सोल्डरचे सात टाके. “अण्णा, कुणी केलं हे?” “मी. खंडेनवमीला पुसाया उघडलं, तर वायरीला पीळ. कापून सरळ जोडली,” सासरे म्हणाले. “जन्मभर मोटारींत तारा भरल्या, असलं बघवत नाय.” पिळावरच मशीन ड्राइव्ह ओळखतं, हे ओठांवर आलं. पण कारखाना सुटल्यापासून अण्णांच्या हातात कप ठरत नव्हता, तरी टाके एकसारखे होते. दातओठ खात तिनं ड्राइव्हवरचाच जंपर, पिना जोडणारी इवलीशी टोपी, सरळ वायरीला चालेल तशी लावली. दिवा लागला. “बघ, पिळानंच घोळ केलता.” यादी छापत ती म्हणाली, “व्हय.”