एकच खेळाडू

या वेळी त्याने शिडी बिघडवली. तिसऱ्या टप्प्यात शिडी चढताना गेममधला छोटा माणूस आता एखाद्या वेळीच मधे अडकणार होता. चूक मुद्दामच केलेली होती. गेम इंटरनेटवर टाकून तो चहा करायला उठला.

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरी आला की जुन्या पद्धतीचे, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचे गेम बनवायचा. असले गेम लोक केव्हाच विसरले होते. त्याचा गेम खेळणारं एकच माणूस होतं, त्याचंही नावगाव ठाऊक नव्हतं. पण चूक सापडली की त्या माणसाचा मेल यायचा. चूकच नसली तर कशाला येईल? म्हणून दर शनिवारी तो एक चूक पेरायचा. त्या मेलखेरीज त्याला कोणी चार ओळी लिहीत नसे.

"दादा, तुझा तो गेम खेळतं तरी कोण?" बहिणीने एकदा फोनवर विचारलं.

"आहे एक जण."

"एकच? मग एवढी उठाठेव कशाला?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण बहिणीला सांगण्यासारखं नव्हतं.

शिडीबद्दलचा मेल बुधवारी आला. 'माणूस शिडीवर अडकतो. चार दिवस शोधत होतो. डोळे चुरचुरतात, पण चूक सापडल्याशिवाय उठवत नाही.'

तो ओशाळला. लोकांच्या डोळ्यांवर आपलं पोट, आणि आपणच कुणाचे तरी डोळे फुकट शिणवतोय. त्याने शिडी नीट केली. सगळा गेम तीनदा खेळून पाहिला. नावालाही खोट उरली नाही. शनिवारी त्याने तो तसाच, निर्दोष टाकला. आता मेल येणार नव्हता. गेम पुरा झाल्याचा आनंद औषधालाही नव्हता. फक्त फार एकटं वाटत होतं.

बुधवारी मेल आला.

'पाचव्या टप्प्यातली मगर पाण्यात अडकून बसते. सवडीने बघा. घाई नाही, पण बघा.'

त्याने तो दोनदा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग 'शनिवारपर्यंत करतो' असं उत्तर पाठवून तो कामाला बसला. आधी मगर रेखाटायला हवी होती. त्याच्या गेममध्ये मगर नव्हतीच.