जाळीचं दार

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आजोबांच्या फार्मवर जेवताना विनीच्या छातीत मांसाचा तुकडा अडकला. संध्याकाळी सातला तो शहरातल्या इस्पितळात दुर्बिणीनं काढला. सोमवारी बारा वाजता डॉ. पास्को हातात फॉर्म घेऊन नऊ वर्षांच्या विनीच्या खाटेशी येऊन बसल्या. पलीकडे विनीची आई केरिन.

“अन्ननलिका आतून सुजलीय. कड्या पडल्यासारख्या दिसतायत,” डॉक्टर म्हणाल्या. “मला ही ॲलर्जीची सूज वाटते. नमुने पाठवलेत, गुरुवारी कळेल. तोवर थोडं विचारते. सिझेरियन?”

“हो.”

“पहिल्या वर्षात अँटिबायोटिक?”

“तीनदा. कान फुटायचा.”

“आम्लाचं औषध?”

“दूध ओकायची. चार महिने दिलं.”

“इसब? दमा?”

“दोन्ही.” दर उत्तराला केरिनची मान थोडी खाली जात होती. “म्हणजे सगळं माझंच चुकलं.”

“यातलं सगळं झालेली आणि तरी ठणठणीत असलेली पोरं मी रोज बघते. तुम्ही काही चुकला नाहीत. घरात कुणाला गिळताना त्रास?”

“नाही.”

“हिला आधी कधी?”

“कधीच नाही. उलट हिच्या जेवणाचं सगळे कौतुक करतात.”

“मी पॉपसारखी जेवते,” विनी उशीवरून म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता.

ते खरं होतं. पॉप म्हणजे केरिनचे वडील क्लॅरी. मांसाचे नखाएवढे तुकडे करायचे. तुकडा रश्श्यात बुडवायचा. तो पुरता चावायचा आणि घासागणिक पाण्याचा घोट घ्यायचा. मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवसांत कातरणारे गडी त्यांच्याच टेबलाशी जेवत. ते म्हणत, “क्लॅरी, तुझं ताट संपेपर्यंत या मेंढीला परत लोकर येईल.” क्लॅरी हसायचे आणि पुढचा तुकडा कापायचे. केरिनची आई म्हणायची, “चर्चमध्ये बसल्यासारखा जेवतो नुसता.”

केरिनला लहानपणातलं दुसरं काही इतकं आवडलं नव्हतं. सगळे उठून गेले की टेबलाशी ती आणि डॅड दोघंच उरत. ताटात चार तुकडे असत, म्हणजे अजून अर्धा तास. एरवी दिवसभर मेंढ्यांमागे असणारा माणूस त्या अर्ध्या तासात तिचा एकटीचा असे. कुठल्या बांधाला पाणी राहिलंय, शेजाऱ्याचा मेंढा कसा कुंपण तोडून आला, सगळं तो तिला सांगायचा. मधेच बोलता बोलता थांबायचा आणि उठायचा. “कुत्र्यांना बघून येतो.” माश्यांसाठी लावलेलं जाळीचं दार एकदा आपटायचं. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा आपटायचं आणि डॅड परत येऊन बसायचा. डोळे ओले असायचे. धूळ फार, म्हणायचा.

लग्न होऊन घर सोडताना केरिननं ना बशा नेल्या, ना गालिचा. ही जेवायची रीत तेवढी नेली. विनीला चमचा धरता आल्यापासून तिनं तीच शिकवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अशी मुलं त्रास होतो म्हणून सांगत नाहीत. जेवायची पद्धत बदलतात. बारीक तुकडे, भरपूर पाणी. आईवडिलांना वाटतं, किती शहाणं पोर.”

“पण ही पद्धत तिची नाही हो. माझ्या वडिलांची आहे.”

केरिनला कालचं टेबल आठवलं. सगळे विनीची पाठ थोपटत होते, पाणी आणा म्हणून ओरडत होते. क्लॅरी तेवढे शांत होते. “पाणी देऊ नका. हात वर कर, चिमणे. लाळ थुंकून टाक. गिळू नकोस.” कुणी न शिकवता त्यांना हे कुठून कळलं, असा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

“हे घराण्यात चालत येतं,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठ्या माणसांत नळी वर्षानुवर्षं आवळत जाते. त्यांना विचारा. आजच.”

बारा वाजून पंधरा मिनिटांनी केरिननं फोन लावला.

“कशी आहे माझी चिमणी?”

“आइस्क्रीम मागतेय.”

“मग झाली बरी. तू जेवलीस का?”

“तू?”

“जेवतोय की. कालचंच मांस, थंड. एवढी मोठी तंगडी, टाकायला जीव होत नाही.”

“डॅड, तुझ्या छातीत कधी घास अडकतो?”

“माझ्या? उगाच काहीतरी. डॉक्टर लोकांना काय, एक पेशंट मिळाला की अख्खं घर हवं असतं.”

“डॅड. खरं सांग.”

पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग क्लॅरी बोलले, तेव्हा आवाज ओढल्यासारखा येत होता.

“थांब जरा. कुत्र्यांना बघून येतो.”

खुर्ची सरकली. जाळीचं दार आपटलं.

शेवटचा कुत्रा, टॉस, जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर क्लॅरींनी कुत्रा पाळला नव्हता. मेंढ्याही नव्हत्या. आणि या अकरा वर्षांत, दर रविवारी, ते टेबलावरून उठून कुत्र्यांना बघायला गेले होते. केरिननं ते कितीदा तरी ऐकलं होतं. जुनी सवय, म्हणून हसलीही होती.

“डॅड?” तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. डॉक्टरांनी रुग्णवाहिका बोलवायला आपला फोन काढला आणि फार्मचा पत्ता विचारला.

बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली तेव्हा केरिनच्या कानाला फोन तसाच होता. दार अजून दुसऱ्यांदा आपटलं नव्हतं.