एकदाच केलेली तपासणी

कानडे गुरुजी दोन वर्षं अंथरुणावर बेशुद्ध होते. पण उशाचं यंत्र त्यांच्या मेंदूतले संकेत वाचून त्यांच्या आवाजात बोलायचं. शब्द अपुरे पडले, तर जुन्या बोलण्यावरून वाक्य पुरं करायचं.

यंत्राची देखभाल करणारी मृण्मयी रोज सकाळी ऑफिसातून त्याच्या तीनशे चाचण्या चालवी. प्रत्येक चाचणीआधी 'संकेत येताहेत का?' हे तपासण्यात तास जाई. म्हणून कालच तिनं बदल केला होता: आठ वाजता एकदा तपासायचं आणि यंत्रानंही तेच उत्तर दिवसभर धरायचं. आज सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

दुपारी ती गुरुजींच्या घरी आली, तेव्हा इंदुताई नवऱ्याशी बोलत भाजी निवडत होत्या.

"इंदू, मेथी कोवळी आहे ना?"

"हो हो, तुम्हाला आवडते तशीच."

वायर सारखी करताना मृण्मयीचा हात गुरुजींच्या मनगटाला लागला. ते गार होतं. नाडी लागेना. तिनं तपासणी पुन्हा चालवली, तसा आवाज थांबला. शेवटचा संकेत नऊ वाजताचा होता.

तिनं कसंबसं सांगितलं. इंदुताईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"मग इतका वेळ माझ्याशी कोण बोलत होतं?"