उशाशी ठेवलेलं यंत्र

धुरामुळे मुलांच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या अभ्यासातली ही शेवटची भेट होती. दोन वर्षांच्या पोरीला तीन ठोकळ्यांवर चौथा काही ठेवता येईना. सर्व्हेवाल्या मॅडमनी कागदावर फुली मारली आणि पोरीच्या उशाशी लावलेल्या यंत्राची वायर काढायला हात घातला. आईने तो हात धरला.

"मॅडम, एवढं नका नेऊ. पोर जन्मल्यापासून तळहातावरच्या फोडासारखं जपलंय मी ते."

"परत द्यावं लागतं गं."

"समोरच्या भट्टीचा धूर थेट आत येतो. ह्याच्याच जिवावर खिडकी उघडी टाकून झोपतो आम्ही."

मॅडमनी वायर सोडली.

"अगं, हे हवा साफ करत नाही. नुसती मोजतं. तासातासाचा आकडा आमच्या ऑफिसात येतो."

आईने उठून आधी खिडकी लावली. कडी घट्ट बसवून ती वळली.

"आकडा वाईट यायचा?"

"अभ्यास संपेपर्यंत सांगायची परवानगी नसते आम्हाला."

"म्हणजे ही रात्रभर खोकायची, तेव्हा तुम्हाला कळत होतं."