औषधाविना मेलेल्या पेशी

कोळेकर मॅडमनी सोलापुरात नऊ वर्षं खपून कर्करोगाच्या पेशींना मरणाचा निरोप पोचवणारं औषध शोधलं होतं. उद्या त्यांचा सत्कार होता. आज त्यांची विद्यार्थिनी वैष्णवी काचेची बशी घेऊन दारात उभी होती. “मॅडम, हिच्यात औषध टाकलंच नव्हतं. नुसतं ते विरघळवायचं द्रावण होतं. तरी पेशी मेल्यात. तीनदा बघितलं.” मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. आता आपली पीएचडी बुडाली, वैष्णवीला वाटलं. “म्हंजी माझं औषध न्हाय, द्रावणच मारतंय की!” मॅडमच्या तोंडी त्यांच्या गावाकडची, माळशिरसची बोली ती पहिल्यांदाच ऐकत होती. “कुणाला बोललीस का?” “नाही.” “उद्या मी बोलते.” दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात मॅडमनी हार नाकारून माइक ओढला. “माझा निष्कर्ष चुकला. चूक हिनं शोधली. वैष्णवी, ये, समजावून सांग, मला धरून सगळ्यांना.”